ताटक्याचं कपाट

"शिराळकर बाई, तुमचा बॅज जळून आलाय."

ताटके सर हे बोलले ते कोबाल्ट मशीनच्या कंट्रोल रूमच्या दारात उभं राहून, बाहेरच्या बाकावरच्या शेवटच्या पेशंटलाही ऐकू जाईल अशा आवाजात. आमची आया गोदाक्का स्ट्रेचर ढकलता ढकलता थांबली. बाकावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"जळून म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काळाठिक्कर. मुंबईहून रिपोर्ट आलाय. चाळीस रेम, एका महिन्यात. वर्षाची मर्यादा पाचची आहे. तुम्हाला माहीतच असेल म्हणा, आमची पुस्तकं पुसता ना तुम्ही!"

आणि हसला. हो, हसला. तोंडावर मी त्याला सर म्हणत होते, पण मनात त्याच दिवसापासून अरेतुरे करत आले आहे. आता या वयात लिहिताना तरी त्याला अहोजाहो करायचं मला काही कारण दिसत नाही.

बॅज म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. आत कागदात बंद केलेली फिल्म, आणि फिल्मच्या पुढे-मागे धातूच्या लहान लहान पट्ट्या. छातीवर लावून काम करायचं. अंगाला जेवढी किरणं लागतील तेवढी ती फिल्म काळी पडते, आणि त्या काळेपणावरून किरणांची मात्रा रेममध्ये मोजतात. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकाने आपला बॅज कंट्रोल रूममधल्या फळीवर आपापल्या खिळ्याला अडकवायचा आणि महिना संपला की सगळ्या फिल्म मुंबईच्या प्रयोगशाळेत जायच्या. दर महिन्याला माझ्या नावापुढे शून्य नाहीतर शून्यासारखंच काहीतरी यायचं. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तेव्हा कॅन्सरसाठी ते एकच मशीन होतं, भिंती हातभर जाड होत्या, आणि दार उघडलं की सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा कोबाल्टचा तुकडा, आपोआप मशीनच्या आत जायचा. चाळीस रेम मला लागणार कुठून?

पण हा विचार नंतरचा. त्या क्षणी माझा हात पदराखाली पोटावर गेला. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर, डॉक्टर, वैद्य, नवस, उपास सगळं करून थकल्यावर मला दिवस गेले होते. तीन महिने पुरते होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. आईने बजावलं होतं, सासूबाईंनी बजावलं होतं. म्हणून हॉस्पिटलात मी कोणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

ताटके आमचा रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. मशीनचं लायसन्स त्याच्या नावावर. त्याची सही नसेल तर मशीन बंद, आणि हे तो आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांना ऐकवायचा. मोठ्या डॉक्टरांनाही. लहर लागली की रजा टाकायचा, मग पेशंट बाकावर ताटकळत. मी फिजिक्सची पदवीधर होते, मशीन चालवत होते, आणि सेफ्टी ऑफिसरची परीक्षा द्यायची म्हणून नुकताच अर्ज केला होता. डॉक्टरांनी त्यावर आनंदाने शिफारस लिहिली होती. मी पास झाले असते तर हॉस्पिटलात त्या पदाला चालेल असं दुसरं माणूस तयार झालं असतं. ताटक्याच्या पोटात दुखत होतं ते हे.

मशीनबरोबर परदेशी देणगीदारांनी पुस्तकंही पाठवली होती. अणूचं केंद्र, किरणोत्सर्ग, मात्रा कशी मोजायची, माणसाचं संरक्षण कसं करायचं, सगळं होतं त्यात. ती हॉस्पिटलची पुस्तकं. पण ती ताटक्याच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात कुलपात असायची आणि किल्ली त्याच्या खिशात. परीक्षेसाठी मी पुस्तकं मागितली तेव्हा तो म्हणाला होता, "तुम्हाला पचणार नाहीत, बाई. पण धूळ फार बसते. दर शनिवारी पुसत चला. पुसायची, उघडायची नाहीत."

गोदाक्काला सांगायचं काम त्याने मला सांगितलं, आणि मी ते केलं. ओलं फडकं एका हातात, पुस्तक दुसऱ्या हातात, आणि तो खुर्चीत बसून पेपर वाचत असे. त्याला फोन आला किंवा तो चहाला उठला की मी उघडायची. कधी अर्धं पान, कधी नुसती आकृती. असा माझा अभ्यास चालला होता, चोरट्या मांजरासारखा.

रिपोर्ट आला त्याच दुपारी घळसासी डॉक्टरांनी मला बोलावलं. ते कॅन्सर विभागाचे प्रमुख, भला माणूस, पण मशीनच्या बाबतीत ताटक्याच्या ओंजळीने पाणी पिणारा. ताटके आधीच तिथे बसलेला होता.

"कसं झालं हे, शिराळकर?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला माहीत नाही, डॉक्टर. दार उघडल्यावर सोर्स बाहेर राहूच शकत नाही."

"दाराचा स्विच मध्ये अडकत होता," ताटके म्हणाला. "मी दुरुस्त केला. बाई घाईत असतात. सोर्स आत गेल्याचा दिवा न बघता आत घुसल्या असतील. मी कितीदा टोकलंय."

एकदाही टोकलं नव्हतं. स्विच अडकल्याचंही मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी तसं म्हणाले. तो डॉक्टरांकडे बघून नुसता मान हलवत राहिला, हट्टी पोराच्या बापासारखा.

"बरं, रक्त तपासू," डॉक्टर म्हणाले. "चाळीसने तुम्हाला स्वतःला फार काही होणार नाही. तूर्त रेडिएशनचं काम बंद. परीक्षेचंही पुढे बघू. घाबरू नका. काही दुसरी तक्रार? मळमळ, थकवा?"

मळमळ होतीच की. आता बोलणं भाग होतं. ताटक्यासमोर बोलावं लागलं, याचा राग मला आजही येतो.

"मला दिवस आहेत, डॉक्टर."

घळसासी डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "किती?"

"तिसरा चालू आहे."

"उर्मिला," ते म्हणाले. मला त्यांनी नावाने हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा. "दहाच्या वर गेलं की आम्ही ठेवा म्हणत नाही. हे चाळीस आहे. मूल मतिमंद होऊ शकतं, डोकं लहान राहू शकतं. तुमच्या यजमानांशी बोला. गुरुवारी आपल्याच स्त्री विभागात करून घेऊ. मी स्वतः सांगतो तिथे."

मी ताटक्याकडे पाहिलं. का पाहिलं कोणास ठाऊक. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू गेलेलं होतं. तो डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होता. मी उठले तसा म्हणाला, "डॉक्टर म्हणतात ते योग्यच आहे, बाई. वय आहे अजून तुमचं."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे गिरणीत हिशेबनीस होते, शांत माणूस. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या.

"तू काय म्हणतेस?" शेवटी ह्यांनी विचारलं.

"मला किरणं लागलेलीच नाहीत."

"पण मुंबईवाले खोटं कशाला सांगतील?"

"फिल्म काळी आहे हे खरंच असेल. पण मी तिथे नव्हते हो. मला कळणार नाही का मी कुठे होते ते?"

"ती किरणं दिसतात का? लागल्याचं कळतं का?"

"नाही."

"मग?" ह्यांचा आवाज चढला, आणि ह्यांचा आवाज चढलेला मी फारसा ऐकला नव्हता. "मग कशाच्या जोरावर बोलतेस? उद्या तसलं मूल जन्माला आलं तर आपण मेल्यावर त्याला कोण बघेल? मला नकोय का मूल? मला नकोय?"

आणि ढसाढसा रडायला लागले. मी संतापाने स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरचे डबे काढून पुसायला लागले. हाताला काहीतरी काम हवं होतं, नाहीतर मी भांडी फोडली असती.

डबे पुसता पुसता ते चित्र डोळ्यांपुढे आलं. निळ्या पुठ्ठ्याचं जाडं पुस्तक, कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं. एका पानावर दोन फिल्म शेजारी शेजारी. एकीत धातूच्या पट्ट्यांच्या सावल्या पुसट, कडा विस्कटलेल्या. दुसरीत त्याच सावल्या, पण कडा पट्टीने आखल्यासारख्या. खाली दोन ओळी. त्या ओळींत काय होतं? ताटके चहाहून परत आला होता आणि मी पुस्तक मिटलं होतं. पहिली ओळ तेवढी वाचून झाली होती: अंगावर घातलेल्या बॅजच्या कडा पुसट येतात, कारण माणूस हलतं.

माणूस हलतं. महिनाभर उठतं, बसतं, वळतं, किरणं कधी समोरून येतात, कधी तिरपी. हलत्या पोराचा फोटो पुसट यावा तसं. आणि कडा स्वच्छ आल्या तर? दुसरी ओळ मला वाचायला हवी होती.

गुरुवारी हे माझ्याबरोबर आले. स्त्री विभागात आमचं नाव लिहिलेलं होतं. मी ह्यांना तिथल्या बाकावर बसवलं आणि सरळ घळसासी डॉक्टरांच्या खोलीत गेले. दारावर टकटकसुद्धा केली नाही. ताटके तिथेच होता, कसल्याशा सह्या घेत होता.

"डॉक्टर, मला कपाटातलं एक पुस्तक बघायचंय. आत्ता."

"कुठलं कपाट?"

"ह्यांच्या केबिनमधलं. हॉस्पिटलची पुस्तकं आहेत ती. त्यात बॅजची फिल्म कशी वाचायची ते दिलंय."

"बाई, ही वेळ आहे का?" ताटके म्हणाला. "तुमची मनःस्थिती मी समजू शकतो, पण..."

"तुम्ही काही समजू नका. कपाट उघडा."

"किल्ली घरी राहिलीय."

मी डॉक्टरांकडे वळले. "मग काच फोडते. काचेचे पैसे पगारातून कापा. पण ते पान वाचल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही."

घळसासी डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मग ताटक्याकडे. ताटक्याचा हात पॅंटच्या उजव्या खिशावर गेला होता. एवढं त्यांनाही दिसलं.

"ताटके," ते म्हणाले, "खिशात बघा बरं पुन्हा एकदा."

किल्ली निघाली. आम्ही तिघं त्याच्या केबिनमध्ये गेलो. मी वाकून खालच्या कप्प्यातून निळं पुस्तक काढलं. पान शोधायला वेळ लागला नाही. डॉक्टरांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि ती दुसरी ओळ मोठ्याने वाचली. मराठीत सांगायचं तर असं होतं: कडा स्पष्ट असतील तर बॅज एका जागी स्थिर असताना एकाच वेळी किरणं पडली असं समजावं, आणि ती मात्रा माणसाच्या नावावर धरण्याआधी चौकशी करावी.

"पुस्तक परदेशी आहे," ताटके घाईघाईने म्हणाला. "त्यांचे बॅज वेगळे असतात. आपल्याकडे हे लागू होत नाही."

"लागू होतं की नाही ते मुंबईला विचारू," डॉक्टर म्हणाले आणि ट्रंक कॉल लावायला सांगितला.

ट्रंक कॉल म्हणजे त्या काळी देवाची मर्जी. आम्ही डॉक्टरांच्या खोलीत बसून राहिलो. ताटके दोनदा उठला, दोनदा डॉक्टरांनी त्याला "बसा हो" म्हटलं. कॉल लागला. डॉक्टरांनी फिल्म पुन्हा बघायला सांगितली, कडा बघा म्हणाले. मुंबईहून फोन परत येईपर्यंत स्त्री विभागाची नर्स दोनदा डोकावून गेली. "बाई, यायचं ना? डॉक्टरीणबाई खोळंबल्यात." दुसऱ्या खेपेला डॉक्टरच तिच्यावर खेकसले.

फोन वाजला. डॉक्टर ऐकत होते. "हं. हं. एकाच बाजूने? सरळ समोरून? नाही, नाही, छातीवर असं शक्यच नाही." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग, "काय? आमच्याकडून कोणी कळवलं? कधी?" मग त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

"कडा पट्टीने आखल्यासारख्या आहेत," ते म्हणाले. "बॅज टेबलावर सपाट ठेवून वरून किरणांचा बीम सोडला तर येते तशी फिल्म. अर्ध्या मिनिटाचंसुद्धा काम नाही. एवढा मोठा आकडा आला म्हणून त्यांनी आधीच इथे विचारणा केली होती, की बॅज कुठे पडून राहिला होता का. सेफ्टी ऑफिसरने कळवलं, नाही, बाईंनी तो रोज अंगावर घातला होता, मात्रा खरी धरावी."

आनंद झाला का? नाही. आनंद नंतर झाला. तेव्हा मला नुसतं त्या माणसाचं नरडं दिसत होतं.

"ताटके?" डॉक्टर म्हणाले.

"चार-दोन महिने घरी बसल्या असत्या, एवढंच," ताटके म्हणाला. आवाज अगदी साधा, दुधाचा हिशेब सांगावा तसा. "परीक्षा हुकली असती. दुसरा काही उद्देश नव्हता. त्यांना दिवस आहेत हे मला कुठे ठाऊक होतं?"

हे खरं होतं. आमच्या घरच्या रीतीने मी तोंड मिटून बसले होते, त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मला क्षणभर सुटका दिसली, म्हणजे चला, एवढा काही हा राक्षस नाही.

"सोमवारी कळलं," मी म्हणाले. "ह्याच खोलीत. तुम्ही त्या खुर्चीत बसला होता. सोमवारी कळलं, मंगळवारी गप्प, बुधवारी गप्प. आज मी झोपले असते तर आजही गप्प. आणि वर मला म्हणालात, वय आहे अजून."

तो पुन्हा काचेखालच्या कॅलेंडरकडे वळला.

मला वाटलं, आता डॉक्टर त्याला हाकलतील. पोलिसांत देतील. घळसासी डॉक्टरांनी डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "उर्मिला, लायसन्स त्यांच्या नावावर आहे."

खिडकीतून कोबाल्टचा बाक दिसत होता. सीमेकडच्या गावांतून पहाटेची एस्टी धरून आलेली माणसं, गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेली, तोंडावर पदर धरलेली. त्यातल्या एका म्हातारीने सकाळी मला विचारलं होतं, "बाई, मशीन चालू हाय न्हवं आज? काल परत जावं लागलं." ताटके गेला की मशीन बंद. दुसरा माणूस मिळायला सहा महिने, वर्ष. त्या बाकावरची निम्मी माणसं तेवढी थांबणारी नव्हती.

ताटक्यालाही हे कळत होतं. तो खुर्चीत जरा ताठ बसला. ते बघून मला जो संताप आला तसा आयुष्यात पुन्हा आला नाही.

"ठेवा त्यांना," मी म्हणाले. "पण मी परीक्षेला बसणार. आणि ती किल्ली माझ्याकडे राहील."

"शिराळकर, ती किल्ली..." ताटके म्हणाला.

"द्या," डॉक्टर म्हणाले.

त्याने किल्ली टेबलावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. मी उचलली, स्त्री विभागात जाऊन ह्यांना म्हटलं, "चला घरी." हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. रस्त्यात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हे भर रस्त्यात थांबले, परत हॉस्पिटलकडे वळले. त्यांना दंडाला धरून घरी आणावं लागलं.

पुढचे महिने मी मशीनवर गेले नाही. ताटक्याच्याच केबिनमध्ये, त्याच्या समोरच्या टेबलावर बसून ती पुस्तकं वाचली. तो त्याच्या खुर्चीत, मी माझ्या. एक शब्द नाही. माझं पोट वाढत होतं आणि त्याला रोज ते समोर बघावं लागत होतं. मुद्दामच बसायची मी तिथे, अभ्यासाला दुसरी जागा नव्हती असं काही नाही. निळं पुस्तक उघडलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. बॅजच्या प्रकरणातली पुढची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटलेली होती, मला ती सुरीच्या पात्याने हलकेच सोडवावी लागली. मग मी बाकीची पुस्तकं बघितली. बहुतेकांची तीच गत. इतकी वर्षं किल्ली खिशात घालून फिरणाऱ्या या माणसाने ती उघडलीच नव्हती. एवढं एक प्रकरण वाचलं असतं तर त्याने बॅज टेबलावर सपाट ठेवला नसता. बीममध्ये जरा हलवला असता. मग कडा पुसट आल्या असत्या, आणि त्या गुरुवारी मी टेबलावर झोपले असते. कधी कधी वाटतं, त्याच्या अडाणीपणाचे उपकार मानावेत. मग वाटतं, छे, कशाला?

मुलगी झाली. डोकं कसं हवं तसं, आवाज सगळ्या वॉर्डभर. बाळंतिणीच्या खोलीतही मी वाचत होते. सासूबाई चिडायच्या, मग स्वतःच दिवा जवळ आणून ठेवायच्या. परीक्षेला आईला आणि बाळाला घेऊन मुंबईला गेले. पास झाले. लायसन्स माझ्या नावावर झालं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ताटक्याकडून राजीनामा लिहून घेतला.

त्याच्या शेवटच्या दिवशी मी त्याच्याकडून चार्ज घेतला. सोर्सची कागदपत्रं, मीटर, बॅजची फळी, एकेक वस्तू तो दाखवत गेला, मी तपासत गेले. त्याचे केस बरेच पिकले होते. सगळं संपलं. त्याने पेन काढलं, टोपण उघडलं, पण कागदाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. त्या गुरुवारनंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता, आणि आवाज अगदी खाली आलेला.

"बाई, काय झालं? मुलगा की मुलगी?"

मी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"इथे सही करा," मी म्हणाले.